ट्रूमनला घाबरतो म्हणून ज्याला हिणवलं, त्याच सोलापूरच्या गड्यानं हॉलला १७२ ठोकले

अकलूज-वेळापूरकडं दणकट खेळाडू म्हटलं की आधी पैलवानच डोळ्यासमोर येतो. पण सोलापुरात जन्मलेल्या एका क्रिकेटपटूची गोष्टही तितकीच दणकट आहे. फरक एवढाच की त्याच्यावर आधी भित्रेपणाचा शिक्का बसला होता.

पहलन रतनजी उमरीगर. सगळे त्यांना पॉली म्हणायचे. जन्म २८ मार्च १९२६, सोलापूर. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता. पॉली शाळेत असताना हे पारशी कुटुंब मुंबईला आलं आणि डिसेंबर १९४८ मध्ये ते वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी खेळले.

खरा घोळ झाला १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात. फ्रेड ट्रूमन तेव्हा नवाकोरा होता आणि भन्नाट वेगानं टाकत होता. हेडिंग्लेला भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली, ती याच मालिकेत. ट्रूमननं चार कसोटींत २९ विकेट घेतल्या. उमरीगरांनी सात डावांत मिळून केल्या फक्त ४३ धावा. चेंडू आला की ते लेगच्या बाजूला सरकतात, अशी टिंगल झाली आणि ती पुढं कित्येक वर्षं रंगवून सांगितली गेली.

या टिंगलीत एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. त्याच दौऱ्यात काउंटी आणि विद्यापीठांच्या संघांविरुद्ध उमरीगरांनी तीन द्विशतकं केली होती. म्हणजे इंग्लंडच्या खेळपट्ट्यांवर त्यांना खेळता येत नव्हतं असं अजिबात नाही. अडचण वेगवान माऱ्याचीच होती, आणि तेव्हा हेल्मेट नावाची वस्तूच नव्हती.

पुढच्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी कसोटी मालिकेत ५६० धावा काढल्या. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ केल्या. कसोटीतलं हे भारताचं पहिलं द्विशतक. १९५९ ला परत इंग्लंड, परत ट्रूमन समोर, आणि ओल्ड ट्रॅफर्डला ११८. हिशोब तिथंच चुकता झाला म्हणायचा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मद्रास कसोटीच्या तोंडावर संघनिवडीवरून बोर्डाशी वाजलं, तर त्यांनी कर्णधारपदच सोडून दिलं होतं.

पण सगळ्यात मोठी परीक्षा १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात होती.

मार्च महिन्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली. जीव वाचेल की नाही सांगता येत नव्हतं. रक्त द्यायला वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढं आला. बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे आणि उमरीगर यांनीही रक्त दिलं. संघाची धुरा गेली २१ वर्षांच्या पतौडींकडे.

आता विचार करा. कर्णधार दवाखान्यात, पुढं वेस हॉलचा तोफखाना, आणि हा खेळाडू ३६ वर्षांचा.

एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला चौथी कसोटी झाली. वेस्ट इंडिजच्या डावात उमरीगरांनी १०७ धावा देऊन ५ बळी घेतले. मग हॉलनं भारताचा डाव १९७ वर गुंडाळायला फक्त २० धावांत ५ जणांना परत पाठवलं. त्यातल्या ५६ धावा उमरीगरांच्या. फॉलोऑन मिळाल्यावर तेच पुन्हा उभे राहिले आणि नाबाद १७२ केल्या, त्याही जेमतेम चार तासांत. भारतानं ४२२ पर्यंत मजल मारली. सामना मात्र हरलाच, मालिकाही ५-० नं गेली. स्कोअरकार्डवर पराभव दिसतो म्हणून असेल, पण या खेळीची आठवण ट्रूमनच्या किस्स्याइतकी कुणी काढत नाही.

त्या मालिकेनंतर ते कसोटी खेळले नाहीत. तोवर ५९ सामने, ३६३१ धावा, १२ शतकं झाली होती आणि हे तिन्ही आकडे तेव्हा भारतातले विक्रम होते. धावांचा आणि शतकांचा विक्रम मोडायला सुनील गावसकर यावे लागले.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये ते पुढं 'पॉली काका' म्हणून वावरले, राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षही झाले. ७ नोव्हेंबर २००६ ला त्यांचं निधन झालं. वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय खेळाडूला बीसीसीआय जो पुरस्कार देते, तो आज त्यांच्याच नावानं आहे.