होस्टा सावली सोसतो, मागत नाही

‘जिथे काहीच उगवत नाही, तिथे होस्टा लावा.’ अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो की तिकडे नवे घर घेतलेली मराठी कुटुंबेही उत्तरेकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यासाठी डोळे झाकून होस्टाच उचलतात. रोपाच्या चिठ्ठीवर ‘सावलीतले झाड’ असे छापलेले असते आणि त्याचा अर्थ ‘उजेड नको असलेले झाड’ असा लावला जातो. हा गैरसमज एकदाचा मोडून काढायला हवा. होस्टा सावली सोसतो, पण ती त्याची गरज नाही. एवढा एक फरक ध्यानात घेतला नाही तर जातीची निवड चुकते, जागा चुकते आणि चार-पाच वर्षांनीही रोप आणले तेवढेच राहते.

होस्टाचे मूळ घर जपान, कोरिया आणि चीन. तिथे तो जंगलाच्या कडेला, ओढ्याकाठी, पाणी झिरपणाऱ्या कड्यांवर उगवतो. ‘होस्टा लाँगिसिमा’ ही जपानी जात तर ओलसर, उघड्या गवताळ जागी वाढते. या सगळ्या जागांत समान काय आहे, तर मुळाशी टिकणारा ओलावा. पान रुंद असल्यामुळे होस्टा थोड्या उजेडावरही तग धरतो, पण अन्न तयार करायला उजेड लागतो तो लागतोच. यावर नेहमीचा आक्षेप असा, की मग उन्हात त्याची पाने करपतात ती का? कारण दुपारच्या उन्हात पान जितके पाणी गमावते तितके मुळे पुरवू शकत नाहीत. उन्हाची वेळ, जमिनीतली ओल आणि जात, या तीन गोष्टींवर करपणे ठरते. 1936 मध्ये कनेटिकटमधल्या एका रोपवाटिकेत सापडलेल्या ‘फ्रान्सिस विल्यम्स’ या प्रसिद्ध जातीची पिवळी किनार जराशा उन्हानेही तपकिरी पडते. याउलट ‘सम अँड सबस्टन्स’च्या जाड पानांना सोनेरी झाक येते ती उजेडामुळेच, दाट सावलीत ती पोपटी-हिरवीच राहतात. चीनमधून आलेल्या ‘होस्टा प्लँटाजिनिया’ची पांढरी, सुवासिक फुले संध्याकाळी उमलतात. ही जात उष्णता चांगली सोसते आणि पुरेसे ऊन नसेल तर फुलायला कुरकुरते. तेव्हा ‘होस्टाला ऊन चालते का’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या होस्टाला, कोणत्या वेळचे, हे विचारले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक ठामपणे घेतला जातो: ‘आमचा होस्टा गडद सावलीत वर्षानुवर्षे जगतो आहे.’ जगत असेल, पण वाढतो आहे का? याची परीक्षा सोपी आहे. वसंतात जमिनीतून वर येणारे कोंब मोजायचे आणि पुढच्या वसंतात पुन्हा मोजायचे. संख्या वाढत असेल तर जागा योग्य. तेवढीच राहिली किंवा घटली, तर झाड साठवणीवर दिवस काढते आहे. बहुतेक जातींना सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि नंतर उंच झाडांतून पडणारे कवडसे मानवतात. निळसर पानांच्या ‘हॅल्सियन’सारख्या जातींना ऊन त्याहून कमी हवे, कारण तो निळेपणा पानावरच्या मेणाच्या थराचा असतो आणि उन्हापावसाने मेण झिजले की पान हिरवे दिसते, ते खताच्या कमतरतेचे लक्षण नव्हे. मेपलसारख्या झाडाखाली रोप खुरटले तर दोष सावलीला देण्याआधी माती उकरून पाहावी. तिथे वरच्या थरात मेपलच्या मुळांचे जाळे असते आणि ते ओल आधीच शोषून घेते. आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी आणि कुजलेल्या पानांचे आच्छादन मिळाले, तर तीच सावली सुसह्य होते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. अंड्याची टरफले पसरली की गोगलगायी येत नाहीत, असे सांगितले जाते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये टरफले, तांब्याची पट्टी, खडी असे अडथळे लेट्यूसवर तपासले, तेव्हा नुकसान कमी झालेले दिसले नाही. दर काही वर्षांनी गड्डा फोडलाच पाहिजे, हेही खरे नाही. होस्टा न हलवता उत्तम भरतो. हरीण होस्टाला तोंड लावत नाही म्हणणे तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. पानांतल्या सॅपोनिनमुळे कुत्र्या-मांजरांना त्रास होतो, मात्र जपानमध्ये याच कुळातले कोवळे कोंब ‘उरुई’ या नावाने भाजी म्हणून खातात. पानावर शिरांच्या कडेने रंग फुटल्यासारखे डाग दिसले तर नवी जात सापडली म्हणून हरखू नये. तो ‘होस्टा व्हायरस एक्स’ असू शकतो. 1996 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ओळखला गेलेला हा विषाणू कात्री-चाकूला लागलेल्या रसातून पसरतो. त्यावर उपाय नाही. रोप काढून टाकावे लागते.

उरला महाराष्ट्रातला प्रश्न. गडद सावलीचा समज इकडेही पोहोचला आहे आणि गॅलरीतल्या सावलीसाठी होस्टाचे गड्डे मागवण्याचा मोह होतो. पण होस्टाला विश्रांतीसाठी कित्येक आठवडे 4 ते 5 अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी लागते. पुण्यात जानेवारीतले सरासरी किमान तापमानही 11-12 अंशांच्या घरात असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात खरे, पण त्या मोजक्या पहाटा. थंडीची सलग झोप मिळाली नाही की होस्टा वर्षागणिक लहान होत जातो. केवळ सावली आणि ओल पुरली असती, तर कोकणातल्या पोफळीच्या बागांत होस्टा माजला असता. तिथे शोभतात आणि टिकतात ते नेचे, कॅलेडियम आणि सोनटक्का. सावलीची जागा मिळाली, की झाड निवडण्याआधी तिथे उजेड किती तास येतो, ओल किती टिकते आणि हिवाळा किती गार असतो, हे तीन प्रश्न विचारावेत.