कल्याणचा बिशप कोण नेमणार?

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोरमध्ये दोन कॅथलिक कुटुंबे शेजारी राहत असतील, एक मराठी आणि दुसरे केरळातून आलेले, तर दोघांचा पोप एकच असतो, पण बिशप वेगवेगळे असू शकतात. मराठी कुटुंब १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात मोडते. केरळी कुटुंब सायरो-मलबार या पूर्वेकडच्या परंपरेतले असेल, तर ते कल्याणच्या धर्मप्रांतात धरले जाते. कल्याणचा हा धर्मप्रांत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये स्थापला. एकाच गावावर दोन बिशपांची हद्द म्हणजे कारकुनी घोळ वाटेल, पण तो घोळ नव्हे. कल्याणला बिशप असण्याचीही ही पहिली वेळ नाही. सहाव्या शतकात तिथे बिशप होता, आणि त्याची नेमणूक रोमहून झालेली नव्हती.

ही माहिती आपल्याला कॉस्मास या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याकडून मिळते. इ.स. ५५० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात तो सांगतो की मिरे पिकवणाऱ्या मलबारात ख्रिस्ती लोक आहेत, आणि ‘कल्लियाना’ या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप आहे. यापलीकडे बिशपचे नाव नाही की चर्चचे वर्णन नाही. पण ‘इराणातून नेमलेला’ एवढ्या शब्दांत त्या काळच्या चर्चचे अर्धे राजकारण आले. माझे म्हणणे असे की आरंभीच्या मध्ययुगातले चर्चचे तंटे समजून घ्यायचे तर ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या वादांच्या आधी बिशप कोण नेमणार हा प्रश्न विचारावा. या प्रश्नाचे एक फार स्पष्ट उदाहरण आपल्या कोकणात आहे.

नेमणुकीला इतके महत्त्व का, हे आधी पाहू. पेशव्यांच्या हाती सारी सत्ता गेली तरी वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत, कारण अधिकाराला उगम लागतो. बिशपच्या बाबतीत हा उगम अगदी हाताला जाणवणारा असतो. आधीचे बिशप मस्तकावर हात ठेवतात, तेव्हा नवा बिशप होतो. इ.स. ३२५ च्या नायसियाच्या सभेने त्यासाठी किमान तीन बिशप हवेत असा नियम केला, आणि इराणातल्या चर्चने तो ४१० मध्ये स्वीकारला. म्हणजे कल्याणात एकटा बिशप असेल, तर तो धर्मगुरू घडवू शकेल, बाप्तिस्मा देऊ शकेल, पण स्वतःचा वारस रीतसर उभा करू शकणार नाही. तो समुद्रापलीकडूनच यायला हवा. पाठवणाऱ्याने हात आखडला की एका पिढीत गादी रिकामी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कल्लियाना म्हणजे ठाणे जिल्ह्यातले कल्याण कशावरून? दक्षिणेतल्या एखाद्या बंदराशी त्याचे नाते जोडणारेही झाले आहेत. पण कॉस्मासने बंदरांची यादी ज्या क्रमाने दिली आहे, तो क्रम बोलका आहे. सिंध, मग सौराष्ट्र, मग कल्लियाना, मग सिबोर म्हणजे बहुधा चौल, आणि त्यानंतर मंगळूरसह मलबारची बंदरे. उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरणाऱ्या या ओळीत सौराष्ट्र आणि चौल यांच्यामध्ये उल्हास नदीवरचे कल्याणच बसते. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणचे व्यापारी भेटतात, आणि त्याही आधीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचे नाव आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॉस्मास स्वतः भारतात आला होता याची खात्री देता येत नाही, मग त्याची ऐकीव गोष्ट का मानावी? मला वाटते, इथे त्याचा प्रवास दुय्यम आहे. ज्या मार आबांना तो आपले गुरू मानतो, तेच ५४० मध्ये इराणी चर्चचे प्रमुख, म्हणजे कॅथोलिकोस झाले. इराणातून बिशप कुठे पाठवला जातो हे कळायला कॉस्मासला कल्याणच्या धक्क्यावर उतरायची गरज नव्हती. ते त्याच्या गुरूच्या घरचेच ज्ञान होते. भिंती, क्रूस, थडगी असा पुरावा कल्याणात नाही हे मात्र खरे. गोव्यात आगशीला २००१ मध्ये पहलवी लेख असलेला दगडी क्रूस सापडला, आणि केरळात तसे अनेक आहेत. त्यावरून किनारपट्टीचा इराणशी असलेला धार्मिक संबंध दिसतो, पण कल्याणबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही.

इराणी चर्चने रोमची चिंता फार पूर्वीच सोडली होती. ४२४ च्या सभेत त्यांनी ठरवले की कॅथोलिकोसच्या निर्णयावर पश्चिमेकडच्या धर्मपित्यांकडे दाद मागता येणार नाही. टायग्रिसकाठचे सेल्युशिया-टेसिफोन हे त्यांचे मुख्य पीठ, आणि भारताची देखरेख फार्स प्रांतातल्या रेव अर्दशीरच्या मुख्य बिशपकडे. या व्यवस्थेला तडा गेला तो सातव्या शतकात. योगायोग असा की ६४९ हे एकच वर्ष दोन्ही चर्चच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. रोममध्ये त्या वर्षी मार्टिन पहिला पोप झाला, तोही कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या मंजुरीची वाट न पाहता. सम्राटाने ६५३ मध्ये त्याला पकडून नेले आणि दोन वर्षांनी तो क्रिमियात हद्दपारीत मेला. त्याच ६४९ च्या सुमारास ईशोयाब तिसरा कॅथोलिकोस झाला, आणि त्याच्यापुढे नेमका उलटा पेच होता: नेमणारा तोच, पण फार्सचा मुख्य बिशप शिमोन त्याला जुमानेना. इराणचे सासानी राज्य कोसळले होते, अरब सत्ता नवी होती, आणि फार्सच्या बिशपांना टेसिफोनकडून मान्यता घ्यायची गरज वाटत नव्हती. ईशोयाबने शिमोनला लिहिलेल्या पत्रांत एक तक्रार ठळक आहे. सासानी राज्याच्या किनाऱ्यापासून ‘कलह’ नावाच्या ठिकाणापर्यंत, बाराशे परसंग (इराणी कोस) लांबीच्या भारतभूमीला शिमोनच्या हट्टापायी बिशप मिळेनासे झाले आहेत.

इथे कोणी म्हणेल, हे सारे श्रद्धेचे वाद होते, त्यांना नेमणुकीच्या भांडणात का कोंबता? मार्टिनच्या बाबतीत आक्षेपात तथ्य आहे, कारण ख्रिस्ताची इच्छा एक की दोन या वादात त्याने सम्राटाचे मत धिक्कारले होते. पण शिमोन आणि ईशोयाब यांचा धर्मसिद्धान्त एकच होता. त्यांच्यात काढून दाखवता येईल असा फरक फक्त हुकमाचा आहे. पुढे कॅथोलिकोस तिमथी पहिला याच्या काळातही (७८० ते ८२३) फार्सचे बिशप हेच सांगत होते, असे तेराव्या शतकातला बार हेब्रेयस लिहितो: आम्ही संत थोमाचे शिष्य, मारीच्या गादीशी आमचा संबंध नाही. मारी हा टेसिफोनच्या गादीचा मूळपुरुष. बगदादमधून कारभार करणाऱ्या, खलिफांशी जुळवून घेणाऱ्या तिमथीने यावर शक्कल लढवली. भारत फार्सच्या हाताखालून काढून थेट आपल्या अखत्यारीत घेण्याचे श्रेय सहसा त्यालाच दिले जाते. इकडे पोप तिसरा लिओ शार्लमेनच्या डोक्यावर मुकुट ठेवून (इ.स. ८००) पश्चिमेत सत्तेचा नवा उगम शोधत होता, तेव्हा तिकडे हे चालले होते.

या खटाटोपाचा फायदा कोकणाला झाला असे दिसत नाही. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. ते उतरले होते तिथल्याच एका पूर्वेकडच्या परंपरेच्या ख्रिस्ती घरी, आणि नंतर आलेला प्रवासी ओदोरिक ठाण्यात अशी पंधरा घरे मोजतो. घरे होती, पण बिशपचा उल्लेख कुठेच नाही. १३२९ मध्ये आविन्योंच्या पोप बाविसाव्या जॉनने भारतासाठी बिशप नेमला, तोही कोल्लमचा. केरळात मात्र बिशप नसतानाही समाज टिकला, कारण तिथे अर्कदियाकोन हा स्थानिक प्रमुख कारभार सांभाळी, आणि १४९० मध्ये त्या समाजाने माणसे पाठवून कॅथोलिकोसकडून पुन्हा बिशप आणले. कोकणात असा कारभारी दिसत नाही.

केरळची ही साखळीही तुटली, आणि ती तोडणारे गोव्याचे आर्चबिशप होते. १५९९ मध्ये आलेशो दे मेनेझिस यांनी उदयंपेरूरच्या सभेत कॅथोलिकोसशी संबंध संपवला. १६५३ मध्ये मट्टनचेरीला हजारोंनी शपथ घेऊन पोर्तुगीज अमलातल्या जेझुइट बिशपाला नाकारले. आता नवा बिशप हवा होता, आणि हात ठेवायला एकही बिशप जवळ नव्हता. तेव्हा बारा धर्मगुरूंनी मिळून अर्कदियाकोन थोमाच्या मस्तकावर हात ठेवले. तो अभिषेक वैध की अवैध, या प्रश्नावर काही वर्षांतच समाजाचे दोन तुकडे झाले.