आसनाचे वस्त्र आणि हवेची पिशवी

घरी नवी मोटार आली की नारळ फुटतो, हार चढतो आणि दुसऱ्याच दिवशी गाडी सीट कव्हर शिवणाऱ्याच्या दुकानापुढे उभी राहते. सेनगावच्या माणसाने असे केले तर त्यात वावगे काही नाही. रस्त्याची धूळ, उन्हाळ्यात तापणारे आसन, शेतातून येताना कपड्यांना लागलेली हळद! तेव्हा कव्हर घालूच नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आजच्या मोटारीचे आसन ही नुसती बैठक नव्हे, एवढे ध्यानात घ्यावयास हवे.

धडक बसताच क्षणार्धात वायूने फुगणारी कापडी पिशवी म्हणजे एअरबॅग. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांत चालकाप्रमाणेच शेजारच्या प्रवाशापुढेही ती सक्तीची झाली. या दोन पिशव्या स्टिअरिंगमध्ये व डॅशबोर्डात असतात; कव्हर त्यांच्या वाटेत येत नाही. प्रश्न आहे तो बाजूच्या पिशवीचा. पुष्कळ मोटारींत ती पुढच्या आसनाच्या पाठीत, दाराकडील कडेला घडी घालून ठेवलेली असते. फाट्यावर आडव्या रस्त्याने ट्रॅक्टर येऊन आदळला, तर दार आणि बरगड्या यांत वीतभरच अंतर उरते. म्हणून डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ही पिशवी फुगावी लागते.

यासाठी कारखान्यातच त्या कडेची शिवण ठरावीक जागी उसवेल अशी घातलेली असते. तिच्यावर जाड रेक्झिनचे, दुहेरी टाक्यांचे कव्हर ताणून बसवले, तर पिशवीला आधी ते फाडावे लागते. तेवढ्यात उशीर होतो, किंवा पिशवी भलत्याच दिशेला फुगते. ज्या पक्क्या शिवणीबद्दल आपण कारागिराला शाबासकी देतो, तीच येथे आड येते. दोष कारागिराचा नव्हे. त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मग करावे काय? आसनाच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी चिठ्ठी आहे का, ते पाहावे. गाडीबरोबरचे पुस्तक वाचावे. पिशवी असेल, तर गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेले कव्हर घ्यावे, नाहीतर पाठीला कव्हर घालूच नये. आसनाच्या पाठीवर टॉवेल पसरू नये. कव्हर बसवताना आसनाखालच्या तारांना धक्का लागू देऊ नये. नंतर एअरबॅगचा दिवा पेटून राहिला, तर गाडी तपासून घ्यावी.

आणि पट्टा विसरू नये. पिशवी ही पट्ट्याची सोबतीण आहे, त्याची जागा घेणारी नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ मोटारीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागच्या आसनावर बसलेल्या त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते.

आसन स्वच्छ राहावे, ही इच्छा योग्यच. पण आसनावरचा डाग पुसता येतो.