टूरवरचा टीसीएस : दिल्लीत शब्द कोण टाकतो?

परदेशी सहलीचे किंवा उमराहचे पॅकेज घेताना पावतीवर टीसीएस नावाची एक जादा रक्कम दिसते. ग्राहक टूरवाल्याशी हुज्जत घालतो. टूरवाला म्हणतो, "भाई, हा पैसा सरकारात जातो, माझ्या खिशात नाही." बोलणे खरे आहे. पण २०२० पासून ही रक्कम वर-खाली का होत राहिली, हे समजून घेण्यासारखे आहे.

२०२० च्या अर्थसंकल्पात परदेशी पॅकेजवर ५ टक्के टीसीएस आला. लाखाच्या पॅकेजवर पाच हजार रुपये टूरवाल्याने वसूल करून सरकारात भरायचे. हा वेगळा कर नव्हे. आयकराचे विवरणपत्र भरले की रक्कम वळती होते किंवा परत मिळते. मात्र ज्या वृद्ध जोडप्याला आयकरच लागू नाही, त्याने दहा हजार सोडवण्यासाठी विवरणपत्र भरायचे म्हणजे काय उठाठेव, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

२०२३ च्या अर्थसंकल्पात हा दर १ जुलैपासून थेट २० टक्के होणार, असे ठरले. व्यवसायात खळबळ उडाली. १९५१ साली स्थापन झालेल्या ट्रॅव्हल एजंट्स असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संघटनांनी अर्थ मंत्रालयाकडे धाव घेतली. त्यांचा युक्तिवाद पाहण्यासारखा होता. 'आमचे नुकसान होईल' एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. ग्राहक परदेशी कंपन्यांकडे जाईल किंवा तिकीट एकीकडे, हॉटेल दुसरीकडे घेईल आणि सरकारच्या हाती काहीच लागणार नाही, असे त्यांनी मांडले. सरकारचा तोटा दाखवला की फाईल हलते! २८ जून २०२३ रोजी सरकारने माघार घेतली. वर्षाला माणशी सात लाखांपर्यंत ५ टक्केच राहिले, त्यावरील रकमेचे २० टक्के १ ऑक्टोबरवर गेले. २०२५ मध्ये ही मर्यादा दहा लाख झाली आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात दर सरसकट २ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली.

यामागचे काम अर्थसंकल्पाच्या दिवशी होत नसते. अर्थ मंत्रालय त्याआधी काही महिने सूचना मागवते, तेव्हाच संघटनांची निवेदने पोहोचतात. पर्यटनाचा विषय पाहणारी संसदेची स्थायी समिती आहे, तिच्यापुढेही म्हणणे मांडता येते. खासदारांना भेटून लोकसभेत प्रश्न विचारायला लावणे हा तिसरा मार्ग. वित्त विधेयक हे धन विधेयक म्हणून येते. राज्यसभा त्यावर केवळ शिफारस करू शकते. म्हणून १ फेब्रुवारीनंतर जागा होणारा उशिराच जागा होतो.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने अशा मध्यस्थांना नोंदणी करावी लागते. कोणासाठी काम केले, किती पैसे मिळाले, हे जाहीर करावे लागते. आपल्याकडे असा कायदा नाही. ओडिशाचे खासदार कालिकेश नारायण सिंहदेव यांनी २०१३ साली खासगी विधेयक मांडले होते, ते मंजूर झाले नाही. त्यामुळे २८ जूनच्या माघारीत कोणाच्या शब्दाला किती वजन होते, हे सरकारी दप्तरात शोधून सापडायचे नाही.

खासगी हज-उमराह टूरचालकांनी जीएसटीच्या बाबतीत न्यायालयाची वाट धरली होती. हज कमिटीच्या यात्रेकरूंना सूट आहे, मग आमच्या यात्रेकरूंना का नको, हा त्यांचा सवाल. सर्वोच्च न्यायालयाने २६ जुलै २०२२ रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या. खटल्याला वकील लागतो आणि वर्षे लागतात, निवेदनाला टपालखर्च. आमच्या मते छोट्या टूरवाल्यांनी दिवाळीपूर्वीच आपापल्या संघटनेकडे किंवा खासदाराकडे साधा हिशेब लिहून द्यावा : वर्षभरात किती पॅकेजे विकली, किती टीसीएस भरला, त्यातल्या किती ग्राहकांना पैसे परत मिळाले नाहीत.

आणि ग्राहकाने? पॅन क्रमांक बरोबर लिहिला आहे ना ते बघावे, टीसीएसचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.