उदगीरचें सूत

मनुष्य जी वस्तु आणावयास प्रवासाला निघतो, तिच्याहून निराळीच कांहीं वस्तु घेऊन परततो, असा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. गेल्या श्रावणांत आम्हांस तो आला.

आमच्या सूनबाईंस भरतकामासाठीं कोरी खादी हवी होती आणि नातवास टकळीवर सूत कातणें शिकवावें म्हणून आम्हांस पेळू हवे होते. खादी नांदेडांतहि मिळते. परंतु ती विणली जातांना पाहावी, म्हणून आम्ही चार सेवानिवृत्त शिक्षकमित्र एका पहाटे उदगीरला निघालों. वाटेंत कंधारच्या राष्ट्रकूटकालीन किल्ल्याचा खंदक पाण्यानें भरलेला दिसला. पुढें बालाघाटाच्या चढउतारांवर सोयाबीन आणि तूर वाऱ्याबरोबर डोलत होती. उदगीरच्या किल्ल्यांत, उदयगिरि ऋषींच्या समाधीचें दर्शन घेऊन, धपाटे व दही यांचा समाचार घेतला. आमच्यांतील इतिहासाचे मास्तर अर्थातच गप्प बसले नाहींत. सदाशिवरावभाऊंनीं १७६० सालीं येथें निजामास नमविलें आणि पुढच्याच वर्षीं पानिपत झालें, हें त्यांनीं इतक्या तळमळीनें सांगितलें कीं दही तसेंच राहिलें.

दुपारीं खादीकेंद्रांत गेलों. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचें हें केंद्र. येथें विणलेल्या कापडाचा राष्ट्रध्वज नांदेडास शिवला जातो. ध्वजाचीं प्रमाणित मापें नऊ. सर्वांत मोठा एकवीस फूट लांब व चौदा फूट रुंद, तर सर्वांत लहान तळहाताएवढा. मात्र लांबी-रुंदीचें प्रमाण सर्वत्र तीनास दोन. चरख्यांची घरघर आणि मागांवरील धोट्यांचा खटखटाट ऐकत आम्ही उभे होतों. निजामी राजवटींत याच भूमींत तिरंगा फडकविणें हा अपराध होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमच्या वडिलांनीं आपला झेंडा धान्याच्या कणगींत दडविला होता. आज त्याच भूमींत त्याचें सूत निघत होतें!

आम्हीं एक पेळू घेऊन टकळी फिरविली. धागा तीनदां तुटला. चरख्यावरील एक वृद्ध बाई हंसून म्हणाल्या, "गुर्जी, हात लई घाई करतोय. कापूस ओढायचा नसतो, सोडायचा असतो." आणि लगेच सहज विचारलें, "तुमच्या घरचा झेंडा खादीचाच असंल नव्हं?"

आम्हांस उत्तर सुचेना. ३० डिसेंबर २०२१ रोजीं ध्वजसंहिता बदलून पॉलिएस्टरचा व यंत्रावर विणलेल्या कापडाचा ध्वजहि चालूं लागला; आणि २०२२ च्या ऑगस्टांत आम्हींच घाईघाईनें रस्त्यावरून तसला एक स्वस्त झेंडा आणून गच्चीवर लावला होता. नियमाविरुद्ध आम्हीं कांहींच केलें नव्हतें. तरी त्या बाईंच्या हातांकडे पाहून "नाहीं" म्हणण्याचें धैर्य होईना, आणि खोटें बोलणें तर आयुष्यभर मुलांना वर्ज्य सांगितलेलें. शेवटीं आम्हीं म्हटलें, "बाई, यंदापासून असेल."

खादी व पेळू तेथेंच घेतले. ध्वज मात्र दुसऱ्या दिवशीं नांदेडास घेतला. किंमत ऐकून घरांत थोडी कुजबुज झाली. तेव्हां आम्हीं नातवाच्या हातीं टकळी दिली आणि एक हात सूत कातावयास सांगितलें. अर्ध्या तासांत धागा सात वेळां तुटला. मग त्यानें टकळी खालीं ठेवून तो ध्वज उचलला, उजेडासमोर धरला आणि त्याचे धागे मोजूं लागला. किंमतीविषयीं पुन्हां कोणी बोललें नाहीं.