आंबा, अळी आणि प्रथिनाची घडी

चैत्र-वैशाखांत वाशीच्या एपीएमसी मार्केटमधील फळबाजारांत देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्यांच्या राशी लागतात. त्यांतील निवडक फळें परदेशीं जातात. परंतु तत्पूर्वीं त्यांना एका कसोटींतून जावें लागतें. फळमाशीनें सालीखालीं घातलेलीं अंडीं वरून दिसत नाहींत, आणि त्यांच्याबरोबर ही कीड आपल्या बागांत शिरेल अशी धास्ती फळें घेणाऱ्या देशांना वाटते. 2014 च्या मे महिन्यापासून युरोपीय संघानें भारतीय आंब्यांस दार बंद केलें, तें ह्याच धास्तीमुळें. 2015 च्या आरंभीं तें पुन्हां उघडलें. युरोपला जाणाऱ्या आंब्यांसाठीं 48 अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत एक तास बुडवून ठेवण्याचा उपचार ठरविण्यांत आला. जपानचा नियम निराळा. तेथें जाणारा आंबा बाष्पयुक्त हवेंत तापवून त्याचा गर 47.5 अंशांवर 20 मिनिटें ठेवावा लागतो. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळानें ह्या बाष्पोपचाराची सोय वाशीसच केली आहे.

ह्या तापानें अळी मरते आणि आंबा मात्र जगतो, हें नवल आहे. झाडावरून उतरविलेलें फळ निर्जीव नसतें. तें श्वसन करितें, अढींत पिकतें, त्यांतील पिष्टाची साखर होते. आणि हीं सर्व कामें त्याच्या पेशींतील प्रथिनें करितात. अळीच्या शरीरांतहि कामकरी प्रथिनेंच. तेव्हां दोघांच्या दैवांतील अंतराचा उलगडा प्रथिनांच्या घडणींतच शोधला पाहिजे.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून ओंवलेली लांब माळ. ही माळ वळून तिची ठराविक आकाराची घडी बसली, म्हणजेच बहुतेक प्रथिनें कार्यक्षम होतात. अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन ह्यांनीं रिबोन्यूक्लिएज नांवाच्या प्रथिनाची घडी रसायनांनीं उलगडली, आणि तीं रसायनें दूर करितांच ती आपली आपण पूर्ववत् बसते, असें दाखविलें. घडीचा आराखडा माळेच्या क्रमांतच असतो, हें ह्यावरून सिद्ध झालें, आणि 1972 च्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला.

परंतु परीक्षानळी निराळी आणि पेशी निराळी. पेशींत रेणूंची दाटी असते. पाण्याशीं न जुळणारे माळेचे भाग घडींत आंत दडलेले असतात. उष्णतेनें घडी सैल झाली कीं ते उघडे पडतात व एकमेकांस चिकटतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक पुन्हां पातळ होत नाहीं, त्याचें कारण हेंच.

हा अनर्थ टाळण्यासाठीं पेशीनें पाठराखिणी नेमलेल्या आहेत. सासरीं निघालेल्या नववधूची पाठराखीण संसार करीत नाहीं, फक्त सोबत करिते. तशींच हीं सहायक प्रथिनें तयार घडींत स्वतः राहत नाहींत. तीं अर्धवट घडलेल्या माळेला धरून भलत्या संगतीपासून दूर ठेवितात. कांहीं पाठराखिणी पोकळ पिंपासारख्या असून माळेला आंत घेऊन एकांतांत घडी बसूं देतात. अशा एका पिंपाचें कार्य फ्रान्झ-उलरिश हार्टल व आर्थर हॉर्विच ह्यांनीं 1989 सालीं उघडकीस आणलें. एवढें करूनहि जें प्रथिन सुधारत नाहीं, त्याला युबिक्विटिन नांवाच्या लहानशा प्रथिनाची खूण चिकटविली जाते, आणि प्रोटिआसोम नांवाचें यंत्र त्याचे तुकडे करितें. ह्या खुणेच्या शोधाबद्दल सिएचानोव्हर, हर्शको व रोझ ह्यांना 2004 सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

उष्णता वाढली म्हणजे पेशी पाठराखिणींची संख्या वाढविते. हें कळलें तें, योगायोग असा, एका माशीवरूनच! फेरुच्चियो रितोसा ह्या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत कोणीं तरी उबवणयंत्राचें तपमान वाढविलें, आणि ड्रोसोफिला माशीच्या अळीच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसूं लागले. हें निरीक्षण 1962 सालीं प्रसिद्ध झालें. त्या फुगवट्यांबरोबर निर्माण होणारीं प्रथिनें 1974 सालीं सांपडलीं. एरवीं पाठराखिणी ह्या जनुकांच्या नियामकाला धरून ठेवितात. घडी मोडलेलीं प्रथिनें वाढलीं कीं त्या तिकडे धांवतात, नियामक मोकळा होतो, आणि नव्या पाठराखिणी तयार होऊं लागतात.

आंब्यांतहि हीच व्यवस्था आहे. फळ बेतानें तापविलें, तर त्याला ही तयारी करण्यास अवधि मिळतो. शिवाय फळाच्या कांहीं पेशी दगावल्या तरी उरलेलें फळ पिकूं शकतें. अळीचे मज्जातंतु वा स्नायु निकामी झाले, कीं तिचा सारा देहच संपतो. मात्र हें अंतर फार अरुंद आहे. ताप अधिक झाला तर सालीवर डाग पडतात, गरांत पोकळ्या राहतात, पिष्टाची साखर नीट होत नाहीं. ताप कमी पडला तर अळी वांचते. आणि अति सावकाश तापविल्यास तीहि उष्णतेस सरावूं शकते. म्हणून अंश आणि मिनिटें इतकीं कांटेकोर ठरवावीं लागतात. एक-दोन अंशांची चूक झाली, तर बागाइतदाराच्या वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडतें.

मनुष्यदेहांतहि हेंच कार्य अहोरात्र चालू असतें. वार्धक्यांत तें मंदावतें, आणि अल्झायमरच्या विकारांत बिघडलेल्या घडीच्या प्रथिनांचे थर मेंदूंत सांचतात. उलट मायलोमा नांवाच्या कर्करोगांत ह्याच व्यवस्थेवर घाव घालून उपचार करितात. त्या रोगाच्या पेशी प्रतिपिंडांचीं प्रथिनें अतोनात बनवितात, म्हणून त्यांच्याजवळ केरहि अतोनात. 2003 सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें बोर्टेझोमिब हें औषध प्रोटिआसोमचें काम अडवितें. मग केर सांचून त्या पेशी मरतात, आणि निरोगी पेशी त्या मानानें तग धरितात. म्हणजे बाष्पोपचाराच्या कोठीप्रमाणें रुग्णालयांतहि प्रश्न एकच असतो: कोणाची सहनशक्ति आधीं संपेल, आणि मात्रा कोठें थांबवावी.