गालिचे-स्वच्छता करणाऱ्या वाहनाची अंतर्गत मांडणी व तळ : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांत गालिचा प्रामुख्याने दोन ठिकाणी आढळतो. अंधेरी-मरोळ परिसरातील कार्यालये व विमानतळाजवळची हॉटेले यांत तो भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेला असतो; बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील सदनिकांत तो दिवाणखान्यापुरता मर्यादित असतो. या दोन्ही ठिकाणी जाऊन स्वच्छतेचे काम करणाऱ्या लहान व्यावसायिकाचे मुख्य भांडवल म्हणजे यंत्र आणि ते वाहून नेणारे वाहन. यंत्राची निवड विचारपूर्वक होते. वाहनाच्या आतील रचनेकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. याची किंमत प्रथम कामगाराच्या कमरेला आणि नंतर ग्राहकाच्या गालिच्याला मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या रचनेचा, विशेषतः वाहनाच्या तळाचा विचार केला आहे.

अमेरिकेत या व्यवसायातील पंप, तापक व शोषण-यंत्र वाहनातच कायमचे बसविण्याची पद्धत रूढ आहे. वाहन दारात उभे राहते आणि केवळ नळी घरात जाते. बैठ्या घरांच्या वस्तीत ही व्यवस्था उत्तम चालते. मुलुंडच्या पंधराव्या मजल्यावर ती निरुपयोगी ठरते, कारण नळीची लांबी व उंची वाढत जाते तसे शोषण क्षीण होते; शिवाय गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यातून ओल्या नळ्या नेण्यास कोणी परवानगी देत नाही. येथे यंत्रच उद्वाहनातून वर जाते. म्हणून उपनगरांतील हे वाहन कारखाना नसून फिरते कोठार आहे, आणि परदेशी आराखडा त्यावर जसाच्या तसा लादणे चुकीचे आहे.

मांडणी

या कामासाठी घेतली जाणारी वाहने मुळात दुसऱ्याच हेतूने बनलेली असतात. मारुतीची ओम्नी १९८४ मध्ये आली व २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ईको २०१० मध्ये आली. टाटा एस हा छोटा टेम्पो २००५ चा. त्याची मूळ भारक्षमता ७५० किलो. ही संख्या मोठी वाटते, परंतु हिशेब लवकर संपतो. २०० लिटर पाण्याची टाकी भरली की २०० किलो गेले. दहा चौरस मीटरचा लोकरी गालिचा प्रति चौरस मीटर ३ किलो धरल्यास ३० किलोचा होतो आणि त्यात तितकेच पाणी राहिले तर ६० किलोचा. असे चार ओले गालिचे, यंत्रे व दोन माणसे मिळून उरलेली क्षमता सहज भरून निघते. इमारतीत पाणी मिळतेच. मग ते वाहून नेण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न टाकी बसविण्यापूर्वी विचारावा. टाकी हवीच असेल तर ती तळाशी, दोन्ही बाजूंना समतोल राहील अशी बसवावी व आत भोके असलेले आडवे पडदे द्यावेत. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी वळणावर एका बाजूस झेपावते. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या उतारावर हे चालकास चांगलेच जाणवते.

जी वस्तू प्रथम लागते ती सर्वांत शेवटी ठेवावी, हा भरणीचा जुना नियम आहे. त्यास शहरी वाहतुकीची एक पुरवणी जोडावी लागते. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावे दार पदपथाकडे उघडते. घाटकोपर स्थानकाजवळच्या रस्त्यावर वाहनाचे मागचे दार उघडून पाच मिनिटे उभे राहणे म्हणजे भांडणास निमंत्रण. म्हणून हातपंप, ब्रश, वायरचे वेटोळे या हलक्या वस्तूंचे कप्पे डाव्या सरकत्या दाराशी असावेत; जड यंत्र मागच्या दाराशी, पण पट्ट्याने बांधलेले असावे. अचानक ब्रेक लागल्यास वेग गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने घटतो असे धरले तर ४० किलोचे यंत्र २० किलोच्या जोराने पुढे ढकलले जाते. चालकाच्या पाठीमागे भक्कम जाळी असणे त्यासाठीच आवश्यक आहे.

चढ-उतरणीचा प्रश्न फळीने बराच सुटतो. तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल आणि फळी १८० सेंटिमीटर लांब असेल, तर चाकांवरचे ४० किलोचे यंत्र ढकलण्यास, घर्षण वगळता, सुमारे १३ किलोचाच जोर पुरतो. ही फळी ठेवण्याची जागा मात्र आराखड्यात प्रथम राखून ठेवावी लागते. एरवी ती सामानाखाली दबते आणि माणसे पुन्हा यंत्र उचलू लागतात.

तळ

सर्वाधिक चुका होतात त्या तळाच्या बाबतीत. मूळ पोलादी पत्र्यावर साधा प्लायवूड टाकून वर चटई अंथरणे हा सर्रास आढळणारा उपाय. ओल्या नळीतून व गालिच्यातून ठिबकणारे पाणी चटईखाली जाते आणि पत्र्याच्या पन्हळींत साचून राहते. मुंबईच्या खाऱ्या व दमट हवेत ते वाळत नाही. प्लायवूड फुगतो, पत्रा खालून गंजतो, आणि कुबट वासाने वरचा धुतलेला गालिचाही वाया जातो.

अॅल्युमिनियमची चेकर प्लेट दिसण्यास चांगली, परंतु या धंद्यात तिचे दोन दोष आहेत. गालिच्यासाठी वापरले जाणारे अनेक द्रव अल्कधर्मी असतात आणि तीव्र अल्क अॅल्युमिनियमला खातो. दुसरे, ओलावा असताना पोलादाशी थेट संपर्क आल्यास अॅल्युमिनियमची झीज अधिक वेगाने होते. शिवाय साबणाचे पाणी सांडले की तिच्या उठावदार नक्षीवरही पाय घसरतो.

त्या मानाने आयएस ७१० प्रमाणित १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करून, आणि त्यावर खडबडीत पृष्ठभागाचे एकसंध व्हिनाइल वा रबरी आवरण, हा उपाय खर्चास व टिकाऊपणास परवडणारा आहे. आवरणास सांधा नसावा. कडा भिंतीवर ७५ ते १०० मिलिमीटर वर वळवाव्यात, म्हणजे तळाला परातीचे रूप येते. दाराकडे मीटरमागे १० मिलिमीटरचा उतार व तेथे बूच असलेला निचरा द्यावा. स्क्रू शक्यतो वाहनाच्या मूळ छिद्रांतच बसवावेत. प्रत्येक नवे छिद्र गंजाला वाट देते, आणि पत्र्याखाली ब्रेकची व इंधनाची नळी असू शकते.

धुतलेले गालिचे तळावर नव्हे, तर प्लास्टिकच्या उंच जाळीवर, मळक्या गालिच्यांपासून आडोशाने वेगळे ठेवावेत. विजेची यंत्रे व जोडण्याही तळापासून वर असाव्यात. अंधेरीच्या भुयारी मार्गात पावसाळ्यात पाणी भरणे नेहमीचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तसा दिवस क्वचितच येतो, पण यंत्राची मोटर जळण्यास गुडघाभर पाणीही पुरे.

रसायने व सांडपाणी

हा भाग थोडक्यात, परंतु गांभीर्याने सांगावा लागतो. सोडियम हायपोक्लोराइटयुक्त ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. मे महिन्याच्या उन्हात बंद व्हॅनमध्ये दोन कॅन शेजारी ठेवणे म्हणजे चालकाच्या जिवाशी खेळ आहे. दोन्ही स्वतंत्र कोपऱ्यांत, सर्वांत मोठ्या कॅनमधील द्रव मावेल अशा खोल ट्रेमध्ये ठेवावेत आणि हवा खेळती राहावी. शोषलेले मळके पाणी रस्त्याकडेच्या पर्जन्यजल वाहिनीत ओतू नये. मुलुंड-घाटकोपर बाजूचे नाले ठाणे खाडीस मिळतात, आणि त्या खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्यास २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. हे पाणी ग्राहकाच्या शौचालयातच सोडावे.

नोंदणी व सीएनजी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. कपाटे, तळाचे आवरण व जाळी ही सुटी, बोल्टने बसविलेली असल्यास अडचणीची शक्यता कमी. आसने काढणे वा बांधणी बदलणे यापूर्वी मात्र अंधेरी, बोरिवली किंवा पूर्व उपनगरांसाठी वडाळा येथील परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर. सुटी रचना आणखी एका कारणासाठी हवी. सीएनजी टाकीची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. टाकीवर पक्के कपाट ठोकले असेल तर दर वेळी सुताराला बोलवावे लागेल, आणि गळती झाल्यास व्हॉल्व्हपर्यंत हातच पोहोचणार नाही.